एक नग व्हायरस, जिवंत

चूक माझीच झाली. सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर तीन दिवस एक लाल पाटी येत होती, 'तुमचे संरक्षण संपले आहे', आणि रविवारी आम्ही नवराबायको त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, यातला कुठला अँटीव्हायरस घ्यावा हो?" मी तोंडातला घास न गिळताच म्हणालो, "कुठलाही टाका आई, सगळे सारखेच असतात."

टेबलाच्या पलीकडे सासऱ्यांचा हात ताटावरच थांबला. बायकोने मला टेबलाखालून पाय मारला, पण उशीर झाला होता.

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही घरात खपून गेलं असतं. पण माझे सासरे चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हे. ते रस्त्याच्या टोकाला दिसले की दुकानांतले काटे आपोआप सरळ व्हायचे, म्हणून पडलेलं नाव. किलोचं वजन किलोचंच असणार असं धरून चालणारा माणूस त्यांच्या मते फार दिवस सुखात राहत नाही. एकदा त्यांनी सख्ख्या साडूच्या दुकानातला तराजू जप्त केला होता, आणि त्या दिवशी मुक्कामालाही साडूकडेच राहिले होते.

"सारखेच?" सासरे म्हणाले. "तपासलेत?"

"नाही, म्हणजे... सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणूनच तर आमचं खातं काढावं लागलं."

खरं तर कॉम्प्युटरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तो सासूबाईंचा. त्या एका साप्ताहिक पुरवणीसाठी शब्दकोडं तयार करतात, बावीस वर्षं, एकही आठवडा न चुकता. गुरुवारी दुपारी कोडं ईमेलने संपादकाकडे गेलं की त्यांचा आठवडा संपतो. आणि मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारी नोंदवून घेतो. दिवसभर समोर कॉम्प्युटर असतो, एवढ्या भांडवलावर सासरवाडीत मी तज्ज्ञ.

सोमवारपासून तपासणी सुरू झाली. सासऱ्यांनी कॉम्प्युटरची मासिकं आणवली आणि त्यांतून तीन कंपन्या निवडल्या. प्रत्येकीच्या जाहिरातीत तीच पहिली. दुपारी मला ऑफिसात फोन.

"जावईबापू, तिघंही पहिले. मग दुसरा कोण?"

"दुसरा कुणी नसतोच, बाबा."

"शर्यतीत दुसराच नसेल तर पहिला कसला? एकटाच पळतोय की तो."

मी त्यांना सांगितलं, की अँटीव्हायरस तपासायची एक साधी सोय असते. एक निरुपद्रवी ओळ मिळते, ती फाइलीत लिहून ठेवायची. सगळे अँटीव्हायरस तिला ओळखतात आणि बोंब मारतात.

"सगळ्यांना ती आधीपासून ठाऊक असते?"

"हो."

"म्हणजे धाड घालायच्या आधी दुकानदाराला फोन करायचा."

विषय संपला. त्यांना खरा व्हायरस हवा होता. प्रमाण वजनाशिवाय काटा तपासता येत नाही, तसं व्हायरसशिवाय हे तपासता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आणि खोडायला गेलो असतो तर माझं ते 'सगळे सारखेच' पुन्हा निघालंच असतं.

पण व्हायरस आणायचा कुठून? लोक एरवी तक्रारी करत असतात, की कॉम्प्युटर व्हायरसने भरलाय. मागायला गेलं की कुणाकडे नसतो. सासरे इमारतीत दारोदार हिंडले. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या पत्नी, डोक्यात उवा आहेत का असं विचारल्यासारख्या मागे सरकल्या. "आमच्याकडे? छे हो! आमची मुलं चांगल्या वळणाची आहेत." समोरच्या वकिलांनी उलट विचारलं, "असं कोण म्हणतं?" आणि ते नाव लिहून घ्यायला पेन काढलं.

शेवटी बुधवारी मी त्यांना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हात कायम शाईने काळे. दुकानात दोन झेरॉक्स मशिनं आणि दोन कॉम्प्युटर, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"बाई, व्हायरस मिळेल का?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी कागदांचा गठ्ठा ठोकून सारखा केला आणि मान वर न करता म्हणाल्या, "कुठला देऊ?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना सरळ उत्तर मिळालं होतं.

"एक आहे तो फोल्डर लपवतो," बाई म्हणाल्या. "एक आहे तो फाइलींची नावं बदलतो, पण हल्ली थकलाय, तीन-चार बदलतो आणि थांबतो. आणि एक काहीच करत नाही, नुसता बसून असतो. तो मशीनबरोबर आला."

सासऱ्यांनी फोल्डर लपवणारा पसंत केला. बाईंनी तो एका काळ्या पेन ड्राइव्हवर घातला, वर लाल रबर गुंडाळलं आणि क्षणभर हातातच धरून ठेवला. "आठ वर्षं आहे आमच्याकडे. कुठे लपवतो ते आता आम्हाला बरोबर कळतं. पण परत आणून द्या हं. लोक नेतात आणि विसरतात."

मला वाटलं, बाई पेन ड्राइव्हबद्दल बोलतायत. तसं नव्हतं, हे पुढे कळलं.

सासऱ्यांनी तिथेच काउंटरवर पोच लिहून दिली: 'मिळाला. एक नग व्हायरस, जिवंत, फोल्डर लपवणाऱ्या जातीचा, काळ्या पेन ड्राइव्हमध्ये, तपासणीकामी, परतीच्या बोलीवर.' खाली सही, तारीख. बाईंनी ती पोच काउंटरच्या काचेखाली सरकवली. पेन ड्राइव्ह सासऱ्यांनी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणला. रस्ता ओलांडताना त्यांनी एका रिकाम्या हातगाडीलासुद्धा वाट दिली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "ते स्वयंपाकघरात आणायचं नाही."

"अगं, तो हवेतून पसरत नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही वजनांचे. जावईबापू, तुम्ही सांगा, पसरतो का?"

"नाही पसरत, आई."

"मग डब्यात कशाला आणलात?"

डबा गॅलरीत गेला, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. त्यावर सासऱ्यांनी एक वीट ठेवली.

चाचणीसाठी सासूबाईंनी आपला कॉम्प्युटर देणं शक्यच नव्हतं. मी आमच्या ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आणला, त्याला इंटरनेट जोडायचं नाही असं ठरवलं, आणि रविवारी सकाळी तो हॉलमध्ये टेबलावर मांडला. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात भिंग अडकवून बसले. भिंगाचा काय उपयोग असं मी विचारलं नाही.

नमुना क्रमांक एक. मी अँटीव्हायरस चढवला, पेन ड्राइव्ह लावला. चार सेकंदांत खाडकन पाटी आली: 'धोका सापडला. धोका नष्ट केला.' मी टाळी वाजवली. सासरे पडद्याकडे बघतच राहिले.

"कुठे गेला?"

"मारला त्याने."

"कुणाच्या परवानगीने?"

"बाबा, तेच तर त्याचं काम."

"मुद्देमाल नष्ट करणं हे काम? पंचनामा नाही, नमुना राखून ठेवलेला नाही, समोरच्याला विचारलं नाही की बाबा तू कोण, कुठला. उद्या हा म्हणेल, व्हायरस होता. मी म्हणेन, कशावरून? हा पहारेकरी नव्हे, मारेकरी आहे." त्यांनी वहीत 'नापास' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या नमुन्याला आता व्हायरसच उरला नाही, आणि परतीची बोलीही मोडली.

झेरॉक्सच्या बाईंना ही बातमी फोनवर द्यायला ते तयार नव्हते. आम्ही दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत सासरे बाजूला उभे राहिले.

"बाई, वाईट बातमी आहे."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "गेला?"

"गेला. चार सेकंदांत. काही कळलंही नसावं त्याला."

बाईंनी झेरॉक्स मशीनच्या झाकणावर हात ठेवला. "आठ वर्षं होता हो. गेल्या वर्षी एवढी दुरुस्ती केली, तेव्हा वाचला होता." मग त्यांनी पदराने, खरं म्हणजे मशीन पुसायच्या फडक्याने, नाक पुसलं. "थांबा. उजवीकडच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचीच पैदास असणार." आणि खरोखर होती. या वेळी सासऱ्यांनी तीन पेन ड्राइव्ह भरून घेतले, नियमाप्रमाणे: एक चाचणीसाठी, एक राखीव, एक मूळ मालकाकडे. तिन्हींवर लाखेचा शिक्का. मालकाचा नमुना बाईंनी देव्हाऱ्यात ठेवावा तसा मशीनच्या वरच्या फळीवर ठेवला.

पुढच्या रविवारी नमुना क्रमांक दोन. यानेही व्हायरस पकडला, पण मारला नाही. पाटी आली: 'संशयित फाइल विलगीकरणात ठेवली आहे.' खाली तारीख, वेळ, कुठल्या कप्प्यात सापडली, कुठल्या जातीची, आणि पुढे दोन बटणं: परत द्यायची की नष्ट करायची.

सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. "जावईबापू, हा जप्तीचा पंचनामा आहे. शेवटचा इतका स्वच्छ पंचनामा मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी वाचला."

"मग झालं तर. हाच घेऊ."

"इतक्यात? जास्त दाखवणारा काटाही खोटाच असतो. चोर पकडतो हे ठीक. सज्जनाला सोडतो का, ते बघायला नको?"

म्हणजे आता शुद्ध माल हवा होता. घरात निर्विवाद शुद्ध असं काय आहे यावर विचार झाला. माझ्याकडचं काही घ्यायला ते राजी झाले नाहीत. शेवटी सासूबाईंनी आपली सात जुनी कोडी काढून दिली. क्रमांक दोनने सातही कोडी मुकाट्याने सोडली. सासऱ्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि मला वाटलं, सुटलो.

पण तिसरा बाकी होता. एकाची तपासणी राहिली तर उरलेल्या दोघांचा निकाल रद्द, असा त्यांचाच एक नियम निघाला. मी विलगीकरणातला व्हायरस पेन ड्राइव्हवर परत घेतला, मशीन पुसून कोरं केलं आणि क्रमांक तीन चढवला. व्हायरस आत सोडला. आमच्या डोळ्यांसमोर एकेक फोल्डर नाहीसा व्हायला लागला, आणि कोपऱ्यात हिरवी खूण झळकली: 'अभिनंदन! तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.' सासरे हसले. चौतीस वर्षांत त्यांनी हे हसू कितीतरी दुकानदारांच्या काळजात धडकी भरवायला वापरलं असेल.

मग मी सात कोडी आत घातली. लगेच पडदा तांबडा. 'सावधान! कोडं ४१२. धोकादायक फाइल. उघडू नका.'

"आई," मी हाक मारली, "हा तुमच्या कोड्याला व्हायरस म्हणतोय."

सासूबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, हसतील. पण त्या पडद्यापुढे खाली वाकल्या, ती पाटी दोनदा वाचली आणि कपाटातून कोडं चारशे बाराचा कागद काढून खिडकीपाशी जाऊन बसल्या. दहा मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर आहे त्याचं."

"काय बरोबर?" सासरे म्हणाले.

"आडवा सात. 'पाण्यातही वावर, जमिनीवरही वावर, तीन अक्षरी.' मी बेडूक धरलं होतं. पण कासवही बसतं की! आणि त्या तीन घरांना उभा शब्द एकही ओलांडत नाही. लोकांनी ठरवायचं कसं?" त्या माझ्याकडे वळल्या. "चार वर्षं झाली हे छापून. एक पत्र आलं नाही. संपादकाने तर कधी वाचलंच नसेल. आणि याने बघता क्षणी पकडलं!"

मी समजवायचा प्रयत्न केला. त्या फाइलींमध्ये चौकोनांना आपोआप आकडे देणारी एक छोटी कळ असते, तिला हा बिचकत असेल, असं म्हणालो. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "कळ सातही कोड्यांत आहे ना? मग बाकीच्या सहांना का नाही बिचकला?" आणि कॉम्प्युटर आल्यापासूनची सगळी सहाशे चोवीस कोडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

क्रमांक तीनने त्यांतली अकरा धरली. सासूबाई आठवडाभर ती अकरा कोडी घेऊन बसल्या आणि प्रत्येकात त्यांना काहीतरी सापडलं. एकात वेलांटी चुकलेली. एकात तोच शब्द आडवाही आणि उभाही. एकात चूक नव्हती, पण 'ते फार सोपं होतं, मी त्या आठवड्यात आळस केला होता,' असं त्यांनीच कबूल केलं. माणूस चूक शोधायला बसला की सापडतेच, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "हे आईसमोर बोलू नकोस. बावीस वर्षांत तिला पहिल्यांदा वाचक मिळालाय."

त्यानंतरच्या रविवारी घरात उघड दोन तट पडले.

"नापास!" सासरे म्हणाले. "चोर सोडतो, सज्जनाला धरतो."

"तुमचा चोर धरला नसेल. माझे अकरा धरले."

"अगं, ते चोर नव्हतेच!"

"तुम्ही कुठे बघितलेत?"

सासऱ्यांनी खरंच बघितले नव्हते. मला मात्र दोघांनी एकाच वेळी विचारलं, "तुम्हीच सांगा, जावईबापू!" आणि मी पाणी प्यायला आत गेलो. मी बाहेर येईपर्यंत सासूबाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर क्रमांक तीन चढवायला घेतला होता.

सासऱ्यांनी त्याच दिवशी कंपनीला पत्र धाडलं. 'विषय: तपासणीत दोषपूर्ण आढळल्याबाबत.' सहा कलमं, सोबत शिक्कामोर्तब केलेला राखीव नमुना, खाली सही, 'निरीक्षक, वजनमापे', आणि त्यानंतर 'निवृत्त' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात, की तो वाचायला गळ्यातलं भिंग लागावं.

कंपनीने तो वाचला नाही. पाचव्या दिवशी एक घामाघूम माणूस दारात उभा राहिला. टाय, दोन बॅगा, हातात तेच पत्र. त्याला वाटलं होतं, सरकारी तपासणी लागली. "साहेब, हवं तर पूर्ण माल परत घेतो, पण प्रकरण वर नेऊ नका," असं तो चपला काढायच्या आधीच म्हणाला.

"बसा," सासरे म्हणाले. "दोष मान्य आहे?"

"मान्य आहे, साहेब."

"कसला मान्य?" सासूबाई चहा घेऊन आल्या. "इतकं गुणी आहे तुमचं ते. मी तर संपादकांना सांगणार आहे, एक तुमच्याकडेही ठेवा म्हणून."

तो माणूस कप धरून दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की सरकारी तपासणीच बरी होती.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "आमचं सॉफ्टवेअर मराठी वाचत नाही हो. मी कंपनीत सहा वर्षं आहे, मी सांगतो ना."

"तुम्ही वाचता?"

"वाचतो की."

"मग सांगा, पाण्यातही वावर, जमिनीवरही वावर, तीन अक्षरी."

त्याने विचार केला. "मगर."

सासूबाईंनी डोळे मिटले. "तिसरंही बसतं," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं त्याहून वाईट आहे."

त्या माणसाने गॅलरीत जाऊन मुख्य कचेरीला फोन लावला आणि परत आला तेव्हा तो खूश होता. काळजीचं कारणच नाही म्हणाला. दोष सापडला आहे, येत्या सोमवारच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल. कोडी अजिबात धरली जाणार नाहीत.

"दुरुस्त करू नका!" सासूबाई ओरडल्या.

"केलंच पाहिजे," सासरे म्हणाले, "आणि फेरतपासणीला हजर राहा."

"मॅडम, अपडेट आपोआप येतं. माझ्या हातात नाही ते."

"कुठून येतं?"

"इंटरनेटवरून."

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि इंटरनेटची वायर उपटून, गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवून आल्या. कंपनीचा माणूस चहा अर्धा टाकून गेला. जाताना जिन्यात तो मला हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर आता त्यांचा कॉम्प्युटर एकदम सुरक्षित आहे."

होताच. त्याच्यात काही येत नव्हतं आणि त्यातून काही जात नव्हतं. त्या गुरुवारी सासूबाई कोडं कागदावर छापून, बसने जाऊन संपादकाच्या टेबलावर ठेवून आल्या. ईमेलला काय झालं असं त्याने विचारलं, तर 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी तसंच. प्रत्येक कोडं आधी क्रमांक तीनपुढे ठेवायचं, त्याने हिरवी खूण दिली की मगच बस पकडायची. मी म्हणालो, "आई, गुडघे दुखतील." त्या म्हणाल्या, "दुखू देत. पण चुकीचं जाणार नाही."

मग सहाशे तिसावं कोडं आलं. त्यावर त्यांनी नेहमीच्या दुप्पट वेळ घालवला होता. सगळे शब्द एकमेकांत असे अडकलेले, की एकही शब्द मोकळा नव्हता. आजवरचं सर्वांत चांगलं, असं त्यांनी मला आपणहून फोनवर सांगितलं. त्या कधी असं सांगत नाहीत. आणि क्रमांक तीनने पडदा तांबडा केला. 'सावधान. उघडू नका.'

दोन दिवस त्या शोधत होत्या. चूक नव्हती. मंगळवारी संध्याकाळी मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा सासूबाई कागद पुढे ठेवून नुसत्या बसल्या होत्या. "आता मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "चूक असेलच. मलाच कळेनाशी झाली असेल. संपादकांना कळवून टाकते, दुसरं कुणी बघा म्हणून."

सासरे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. त्यांनी उभ्या जन्मात बायकोचं एकही कोडं सोडवलं नव्हतं. ते तिचं खातं, असं ते म्हणत. "तक्रार आली की तपासणी होणार," ते म्हणाले. "द्या तो माल इकडे. आणि कुणी मदत करायची नाही."

ते पेन्सिल घेऊन बसले. आधी त्यांनी पट्टीने चौकोन मोजले, सगळे सारखे निघाले. मग आडवा एक. चहा झाला, दिवे लागले, आम्ही जेवलो, त्यांचं ताट झाकून ठेवलं. मधूनच ते खोडरबर मागायचे, आणि सासूबाई ते द्यायच्या, पण कागदाकडे बघायच्या नाहीत. अखेर त्यांनी पेन्सिल ठेवली.

"एक जागा सोडून बाकी माल चोख आहे," ते म्हणाले. "आडव्या चारला खोट आहे. शब्द बसतो, अर्थ बसतो, मधलं अक्षरही बसतं. पण उभ्या तीनला अडतो. त्यामुळे पास करता येत नाही."

सासूबाईंनी कागद ओढून घेतला. आडव्या चारची ओळ होती: 'रोजची, म्हणून लक्षात न येणारी; नसली की माणूस तोंडावर आपटतो. तीन अक्षरी.' त्यांचं उत्तर होतं 'पायरी'. सासऱ्यांनी लिहिलं होतं 'बायको'.

"यात काय चुकलं?" सासरे म्हणाले. ते अगदी गंभीर होते. "वर्णन तंतोतंत जुळतं. उभा तीन चुकीचा आहे."

माझी बायको आत निघून गेली. मला जायला जागा नव्हती. सासूबाई त्या तीन घरांकडे बघत राहिल्या, आणि मग खोडरबर घेऊन उभा तीन खोडायला लागल्या. त्या शेवटच्या अक्षरासाठी त्यांना खालचे पाच शब्द हलवावे लागले. बुधवार त्यातच गेला. गुरुवारी सकाळी नवीन कोडं त्यांनी क्रमांक तीनपुढे ठेवलं.

पडदा तांबडाच.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "याला काय कळतंय."

शिवणाच्या डब्यातून वायर निघाली, कोडं ईमेलने गेलं, आणि त्यामागोमाग अपडेट आलं. त्यानंतर क्रमांक तीनने कुठल्याच कोड्याला काही म्हटलं नाही. महिन्याभराने मी तो काढून क्रमांक दोन चढवला, तर सासूबाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता. आता दर बुधवारी सासरे कोडं तपासतात. पट्टी, भिंग, पेन्सिल, आणि मग चार पानी लेखी अहवाल, कलमवार. गेल्या आठवड्यात त्यांनी 'ढग' या शब्दाला हरकत घेतली, कारण ढगाचं वजन दिलेलं नव्हतं.

"जावईबापू," परवा सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते जुनं सॉफ्टवेअर पुन्हा मिळेल का हो कुठे? ते निदान एका वाक्यात गप्प व्हायचं."